हळदूच्या झाडाची गाळलेली वाट

प्रवासवर्णनात वाट सांगायची असते. कुठे उतरायचं, कुठे वळायचं, कुठला चहा प्यायचा आणि कुठल्या चहाला हात लावायचा नाही, हे वाचणाऱ्याला कळलं की लेख सार्थकी लागला. मी तुम्हाला जळगावचं भरीत सांगेन, धुळ्याचे मांडे सांगेन, एसटीत झालेली माझी फजितीही सांगेन. पण साक्रीच्या बाजूला एक झाड होतं, तिथवरची वाट मात्र सांगणार नाही. ती एकदा सांगून झाली आहे. फार रंगवून सांगितली होती आणि ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या महागात पडल्या. मला नव्हे, झाडाला.

मी सांगलीचा. नाटकांचे पडदे रंगवतो, अधूनमधून दुकानांच्या पाट्याही. राजवाडा, रस्ता, देऊळ आणि रान, असे चार पडदे ज्याच्याकडे आहेत त्याला कुठलंही नाटक करता येतं, अशा जमान्यात मी हा धंदा शिकलो. वयाची पन्नाशी गाठली तरी माझे हात रंगवतात त्यापेक्षा तोंड जास्त रंगवतं, असं घरचे म्हणतात. चार माणसं जमली की माझ्या अंगात येतं. मग मी कंडक्टर होतो, मामलेदार होतो, मामलेदाराची बायको होतो. या गुणाचं मला फार कौतुक होतं.

त्या वर्षी एका नव्या नाटकासाठी रानाचा पडदा हवा होता. मी जुनाच पडदा धुऊनपुसून लावला. दिग्दर्शक चोवीस-पंचवीस वर्षांचा होता. पडद्यापुढे उभा राहून तो म्हणाला, "काका, या रानात एकच झाड सोळा वेळा उभं आहे."

मी चिडलो. घरी येऊन मोजली तर सतरा निघाली. माझ्याकडे जाड पुठ्ठ्याचा झाडाचा साचा होता. तो ठेवायचा, भोवती हिरवा रंग थापायचा, की रान तयार. पंचवीस वर्षं मी रानं रंगवली होती आणि त्यासाठी एकदाही रानात गेलो नव्हतो.

त्याच आठवड्यात जळगावहून चौधरी सरांचं पत्र आलं. आम्ही दोघे तरुणपणी एकाच पेंटरकडे ब्रश धुवायला होतो. पुढे ते चित्रकलेचे मास्तर झाले आणि मी पडदेवाला. त्यांनी लिहिलं होतं, "इकडे नद्या, माती आणि झाडं यांच्या चित्रांची प्रदर्शनं भरवतो आहोत. एक जळगावात, एक धुळ्यात. ये. दुष्काळ आत्ताच सरला आहे, लोकांना अजून आठवतं आहे. भरिताचेही दिवस आहेत."

मी भरितासाठी निघालो. झाडांसाठी निघालो असं दिग्दर्शकाला सांगितलं.

जळगाव

प्रदर्शन एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. दारावर कापडी फलक लावला होता, 'पर्यावरण चित्रप्रदर्शन'. तेव्हा हा शब्द नवाकोरा होता. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी भाषणात तो तीन वेळा उच्चारला आणि तिन्ही वेळा अडखळून पाणी प्यायलं.

चौधरी सरांची चित्रं एका भिंतीवर होती. गिरणा नदीची बारा जलरंगातली चित्रं, आणि प्रत्येकाखाली फळीवर एक छोटी बाटली. ज्या काठावर बसून चित्र काढलं तिथलंच पाणी त्यांनी रंगात मिसळलं होतं आणि उरलेलं बाटलीत भरून ठेवलं होतं. वरच्या अंगाच्या बाटल्या नितळ होत्या. गावं ओलांडून खाली यावं तसा बाटलीच्या तळाशी गाळ वाढत गेला होता, आणि तो चित्राच्या आभाळातही उतरला होता. बारावी बाटली रिकामी होती. तिच्यावरच्या चित्रात कोरड्या ब्रशाचे ओरखडे होते फक्त.

"दुष्काळात गेलो तेव्हा तिथे पाणीच नव्हतं," सर म्हणाले. "मग ब्रश कोरडाच फिरवला."

भोवती दहा-पंधरा माणसं होती. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "म्हणजे सर, बारांत हेच एक चित्र खरं टिकाऊ. भिजायची भीतीच नाही!"

लोक हसले. मी खूश झालो. तेवढ्यात डोक्यावरचा पदर सावरत एक म्हातारी पुढे आली. तिने त्या ओरखड्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हाई जागा मले माहीत शे. आम्ही आठेच, ह्या वाळूत, झिरा खंदा होता. वाटी-वाटीनं पाणी भरलं."

तिने मला टोमणा मारला नव्हता, ती चित्राशीच बोलत होती. पण माझं हसू मिशीतच अडकलं. आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं मला त्या प्रवासात पहिल्यांदा वाटलं. ते लक्षात ठेवलं असतं तर हा लेख भरिताबरोबरच संपला असता.

भरीत दुसऱ्या दिवशी झालं, सरांच्या मेहुण्याच्या शेतावर. आमच्या सांगलीत वांगं म्हणजे मसाला भरून पातेल्यात बसवायची वस्तू. तळहाताएवढी हिरवी-पांढरी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर टाकलेली मी तिथे पहिल्यांदा पाहिली. काड्या भुरकन पेटतात, वांगी काळीठिक्कर पडतात, आणि सगळी पुरुषमंडळी एरवी घरात जिकडे फिरकत नाहीत ते काम करायला बसतात. साली काढायच्या, लाकडी भांड्यात मुसळाने ठेचायचं, वर हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात आणि दाणे. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा तुकडा मोडून मी पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. मेहुण्याने विचारलं, "तिखट लागलं का?" मी म्हणालो, "नाही, सांगलीत फुकट गेलेली पन्नास वर्षं आठवली." या वाक्यावर मला आणखी दोन भाकऱ्या मिळाल्या.

जेवून झाडाखाली लवंडलो तेव्हा सर म्हणाले, "माझी बाटल्यांची गंमत सोड. खरी चित्रं बघायची तर धुळ्याला जा. तिथे नर्स अक्का आहेत."

धुळे

एसटीत माझ्या पेटीतली गेरूची पुडी फुटली. मी पेटी मांडीवर घेऊन झोपलो होतो. धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा धोतर कमरेपासून गुडघ्यापर्यंत लालभडक झालं होतं. दोघा-तिघांनी मला धरून बाकावर बसवलं आणि एकजण टांगा आणायला धावला. "अहो, रंग आहे," मी ओरडलो. मग मात्र माझ्याकडे कुणी फिरकेना. जखमी म्हणून मिळालेला मान गेला तो गेलाच.

त्याच अवतारात मी प्रदर्शनाच्या दालनात शिरलो. ते एका शाळेचं प्रार्थनागृह होतं. दाराशी स्टुलावर पांढऱ्या लुगड्यातल्या साठीच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्या धोतराकडे पाहिलं आणि आधी माझी नाडी पाहिली. मग हसल्या. "कोठला शेतस, भाऊ?"

या नर्स अक्का. वीसएक वर्षं त्यांनी डोंगराकडच्या गावांतून पायी फिरून देवीची लस टोचली होती. दोन गावांच्या मध्ये जिथे दम खायला बसत, तिथलं झाड त्या काढत. कागद म्हणजे लसीच्या जुन्या तक्त्यांची पाठकोरी बाजू, आणि रंग म्हणजे चुलीतला कोळसा. अशी चाळीस झाडं भिंतीवर होती.

"ह्या बठ्ठा मना इसावाना झाडे शेतस," त्या म्हणाल्या. सगळी त्यांच्या विसाव्याची झाडं.

मी एकेका चित्रापुढून सरकत गेलो आणि माझ्या पुठ्ठ्याच्या साच्याला मनात शिव्या घालत गेलो. एक झाड दुसऱ्यासारखं नव्हतं. एकाच्या बुंध्याशी बसून बसून गुळगुळीत झालेलं मूळ, एकाची वाऱ्याकडची बाजू रिकामी, एकावर दोरीचा वळ. कोळशामागून तक्त्यावरच्या छापील रेघा पुसट दिसत होत्या, जणू आत बाळांची नावं होती.

एक गोष्ट मला कळेना. बारा-तेरा चित्रांखाली गावाचं नाव होतं. बाकीच्यांखाली काहीच नव्हतं.

"ही नाव असलेली झाडं मोठी प्रसिद्ध दिसतात," मी म्हणालो.

"ती आता नाहीत," अक्का म्हणाल्या. "पहिल्यांदा मी सगळ्यांखाली नावं लिहिली होती. साक्रीच्या बाजारात चित्रं लावली. लोकांनी कौतुक केलं, एवढं मोठं झाड, कुठे आहे हो, म्हणून विचारलं. मीही हौसेने सांगितलं. दुसऱ्या वर्षी त्यांतली चार गेली. तेव्हापासून झाड उभं आहे तोवर नाव लिहीत नाही. गेलं की लिहिते. मग कशाची भीती?"

सतराव्या चित्रापुढे माझे पाय थांबले. खांबासारखा बुंधा, खाली घड्या पडलेला, आणि वर इतका मोठा घेर की तो कागदात मावला नव्हता. अक्कांनी दुसरा तक्ता चिकटवला होता. त्याच्या सावलीत मुंगीएवढी बायका-मुलं होती.

"हळदू," अक्का म्हणाल्या. "कापलं की आतून पिवळं निघतं, हळदीसारखं. याच्याखाली मी पाच गावांची पोरं टोचली. एक रडलं की सगळी रडायची. आणि वरचे बगळे उडायचे."

"मला हे झाड बघायचं आहे."

"नाही."

मी काय काय केलं ते आता सांगायला लाज वाटते. गुडघे टेकले. गेरूचं धोतर दाखवून म्हणालो, हे रक्त समजा. शाळेचा शिपाई हसून हसून दाराला टेकला. अक्का मात्र बधल्या नाहीत. शेवटी दमून मी खराखुरा प्रश्न विचारला, "अक्का, या घेराची डावी बाजू एवढी काळी का? तिकडे दरी आहे का?"

त्या पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघू लागल्या. "आतापर्यंत कुणी हे विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "सगळे विचारतात, बुंध्याची कवळ किती."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने आम्ही निघालो. गाडीत त्यांनी मला बजावलं, "वाट कुणाला सांगायची नाही. गुलाबनानांनाही नाही."

गुलाबनाना म्हणजे या चित्रांना फुकटात चौकटी करून देणारा माणूस. धुळ्यात त्यांची लाकडाची वखार होती. तरुणपणी नाटकात बायकांच्या भूमिका करत, आणि अजूनही पायरी चढताना नेसूच्या निऱ्या सावरल्यासारखा हात करत. प्रदर्शनात भेटले तेव्हाच आमची गट्टी जमली होती आणि परतीच्या दिवशीचं जेवण ठरलं होतं.

"नाना तर तुमचेच," मी म्हणालो.

"नाना भला माणूस शे. पण झाड बघितलं की त्याला फळ्या दिसतात. त्याचा धंदाच तो. त्यात त्याचं काय चुकलं?"

मी उजवा हात छातीवर ठेवला आणि गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "त्या गावाचं नाव या ओठांवर येणार नाही!"

अक्कांनी वाट म्हटलं होतं. नाव हा शब्द माझा.

झाडापाशी

झाडाचं सांगतो. ते एका शेताच्या वरच्या बांधावर होतं. डावीकडे खरोखरच दरी होती, आणि तिकडून येणारा वारा झाडात शिरला की आधी खालची पानं हलत आणि मग हळूहळू वरची, जसं एखाद्या मोठ्या माणसाला विनोद उशिरा कळावा. पानं तळहाताएवढी, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची. सावली हिरवी नव्हती, हे मला तिथे कळलं. ती जांभळट होती आणि तिला थर होते. बाहेरचा थर पातळ, आत आत दाट, आणि बुंध्याशी जवळजवळ थंड. मी पंचवीस वर्षं सावलीला काळ्यात हिरवा मिसळून लावत होतो.

दोन दिवस मी तिथे रंगवलं. पहिला दिवस सगळा फुकट गेला, कारण हात सवयीने साच्यासारखंच झाड काढत होता. दुसऱ्या दिवशी अक्का म्हणाल्या, "भाऊ, आधी बसा. दमल्याशिवाय झाड दिसत नाही." मला तासभर त्यांनी ब्रशाला हात लावू दिला नाही. मी बसलो, गप्प. माझ्या आठवणीत जागेपणी तासभर गप्प बसल्याचा हा एकच प्रसंग. नंतर जे उतरलं ते माझ्या हाताचं वाटेना.

शेताचा मालक म्हातारा आमच्यासाठी नागलीची भाकरी आणि लसणीची चटणी घेऊन आला. मी त्याला विचारलं, "बाबा, हे झाड विकावं असं कधी वाटलं नाही?"

तो मनापासून विचारात पडला. मग म्हणाला, "आजवर कोनी इचारंच नही."

मला ते फार गोड वाटलं, वहीत टिपून ठेवलं. अक्कांच्या चेहऱ्यावर काय होतं ते तेव्हा टिपलं नाही. ते झाड कुणाच्या श्रद्धेवर उभं नव्हतं, कुठल्या कायद्यावर नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, एवढ्यावरच उभं होतं.

पुन्हा धुळे, दुपारचं जेवण

नानांकडे मांडे होते. पुरण भरलेली पोळी नानांच्या पत्नी लाटत नव्हत्याच. दोन्ही हातांवर झेलत झेलत ती कोपरापर्यंत पसरवत, आणि उलट्या मातीच्या खापरावर अलगद टाकत. असा प्रवेश मी कुठल्या रंगभूमीवर पाहिला नव्हता. सोबत मसाल्याची झणझणीत रशी, आणि दूध सोनगीरच्या तांब्याच्या तपेल्यातलं. आमच्याकडे पुरणपोळी घडी घालून ताटात येते. इथे मांडा रुमालासारखा पसरून येतो आणि पाहुण्याने तो संपवल्याशिवाय उठायचं नसतं.

पंगतीला नाना, त्यांचे वखारीतले दोघे भागीदार, अक्का आणि मी. दोन मांडे झाल्यावर नाना म्हणाले, "पेंटर, तुम्ही नाटकवाले. दोन दिवस कुठे होता, ते जरा करून दाखवा की!"

"गावाचं नाव सांगणार नाही," मी म्हणालो.

"नका सांगू! आम्हाला काय करायचं नाव? तुम्ही सोंग करा."

मी हात धुतला आणि उभा राहिलो. गाडी केली. कंडक्टर केला. उतरलो ती जागा केली, तिथला चहावाला केला. पुढची पाऊलवाट केली, तिच्यावरचं एक-एक वळण केलं. ओढा केला, टेकडी केली. टेकडी तर अशी केली की भागीदारांपैकी एकजण मांड्याचा तुकडा हातात धरून तसाच राहिला. कशी केली ते इथे लिहीत नाही. नाव मात्र एकदाही घेतलं नाही. प्रत्येक वेळी नाव यायची जागा आली की मी ओठांवर बोट ठेवायचो आणि सगळे हसायचे. त्या हसण्याने मी आणखी फुलायचो.

मध्येच अक्का म्हणाल्या, "भाऊ, बसा. मांडा गार होतो."

"होऊ द्या!" मी म्हणालो, आणि झाड केलं. झाड म्हणून उभा राहिलो, हात पसरले, दरीकडचा वारा अंगात घेतला. नानांनी हलक्या आवाजात विचारलं, "कवळ किती असेल?" मी दोघा भागीदारांना उठवलं, तिघांनी हात धरून रिंगण केलं, आणि म्हणालो, "एवढी! आणि वीतभर वर!"

नाना टाळ्या वाजवत उठले. डोळे चमकत होते. "बठ्ठी वाट दिसनी मले, पेंटर!" ते म्हणाले. "बठ्ठी वाट!"

याहून मोठी दाद मला आयुष्यात मिळालेली नाही.

अक्का मला स्टँडवर सोडायला आल्या. माझी पेटी खिडकीतून आत दिली. मी म्हणालो, "बघा अक्का, शब्द पाळला. नाव घेतलं नाही."

"हो," त्या म्हणाल्या. "नाव नाही घेतलं."

त्या भारावल्या आहेत, असं मला वाटलं.

सांगली

पडदा झाला. साचा मी चुलीत घातला. रानात एकच झाड रंगवलं, दरीकडे झुकलेलं, आणि बाकी सगळा वारा. पहिल्या प्रयोगाला पडदा वर गेला, अजून एकही पात्र आत आलेलं नव्हतं, आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शकाने माझे पाय धरले. मी धुळ्याला दोन पत्रं लिहिली. अक्कांना पडद्याची हकीकत कळवली. नानांना तीच हकीकत, आणि शेवटी एक ओळ: आमच्या रंगमंचाचा पुढचा भाग कुजला आहे, तिकडे लाकूड चांगलं मिळतं का?

अक्कांचं उत्तर आलं नाही.

उन्हाळ्यात ट्रकने नानांकडून सहा फळ्या आल्या. सोबत चिठ्ठी नव्हती. रंधा मारला तर आतून पिवळ्याधमक निघाल्या. हळदीच्या गावाला हळदीच्या रंगाचं लाकूड! मी पेठेतल्या ओळखीच्या आडत्यांना बोलावून दाखवलं. मनात एकदा काहीतरी हललं. हळदूचं झाड काय एकच असतं, असं म्हणून मी ते खाली दाबलं आणि फळ्या ठोकल्या.

नानांचं पत्र चार दिवसांनी आलं. ते मी इतक्या वेळा वाचलं आहे की घडीवर फाटलं आहे. "प्रिय पेंटर, भेट पोचली असेल. तुमच्या वर्णनाची कमाल. कुणाला विचारावं लागलं नाही. तुम्ही केलात तसाच ओढा, तशीच टेकडी. कवळसुद्धा बरोबर. मालकाने लगेच होकार दिला, म्हणाला, आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यातल्या निवडक फळ्या तुमच्या रंगभूमीसाठी. पैशाचं नाव काढू नका. कलेची सेवा आपण दोघे मिळून करू."

त्यात कुठेही खोच नव्हती. माणूस खरोखर आनंदात होता.

त्या संध्याकाळी प्रयोग होता. मी विंगेत उभा होतो. पडद्यावर तेच झाड, आणि पात्रांच्या पायाखाली तेच झाड. नायिका धावत आली की फळ्या वाजायच्या. प्रेक्षकांनी पुन्हा टाळ्या दिल्या. मी कानांवर हात ठेवले, तर शेजारच्या नटाला वाटलं, मी नवी नक्कल करतो आहे.

परत धुळे

दिवाळीनंतर गेलो. या खेपेला भरीत नाही, मांडे नाहीत. नानांकडे गेलोच नाही. स्टँडवरून थेट अक्कांच्या दोन खोल्यांच्या घरी.

वाटेत मी माफीचं भाषण बसवलं होतं. त्यात जागा होत्या, विराम होते. अक्कांनी दार उघडलं, मी तोंड उघडलं, आणि एकही वाक्य आठवेना.

"बसा, भाऊ," त्या म्हणाल्या. "चहा ठेवते."

"अक्का, मी नाव..."

"माहीत शे. नाव नाही घेतलं तुम्ही."

चहा झाला. मी विचारलं, नानांना काही बोललात का. त्या म्हणाल्या, "त्याला काय बोलू? त्याने विचारलं, म्हाताऱ्याने दिलं. दोघांपैकी कुणी चोरी नाही केली. म्हाताऱ्याने घरावर नवे पत्रे टाकले. आता दुपारी त्याच पत्र्याखाली बसून घाम पुसतो."

मी रिकामी कपबशी खाली ठेवली.

"एक विचारू का?" अक्का म्हणाल्या. "तुम्हाला तर सगळं करता येतं. मग त्या दिवशी खोटी टेकडी का नाही केली? खोटा ओढा का नाही केला? कोणाला कळलं असतं?"

पंचवीस वर्षं मी खोटी रानं रंगवली, आणि जिथे एक खोटी टेकडी पुरली असती तिथे पहिल्यांदाच हुबेहूब खरं केलं. ते जमलं म्हणून मी खूश होतो.

अक्का उठल्या. चित्रं भिंतीला टेकवून ठेवली होती. त्यांनी सतरावं चित्र काढलं, पदराने काच पुसली, मागचे खिळे उपसले आणि कागद माझ्यापुढे ठेवला. दोन तक्ते चिकटवलेला तोच घेर, खाली मुंगीएवढी बायका-मुलं. खालची जागा अजून कोरी होती.

"एवढे महिने लिहायचं ठेवलंय," त्या म्हणाल्या. "माझा हात होत नाही. तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात, पाट्या रंगवता. लिखा, भाऊ."

त्यांनी कोळशाचा तुकडा माझ्या हातात दिला.

हे चित्र तुम्हाला कधी पाहायला मिळालं तर नाव तिथे वाचता येईल. इथे मी ते लिहीत नाही, कारण त्याच वाटेवर पुढे अक्कांची आणखी दोन झाडं उभी आहेत आणि त्यांच्याबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.

अक्षर वाकडं येईल, निदान एक रेघ तरी चुकेल, असं मला वाटलं होतं. मी नाव लिहिलं. अक्षर फार सुरेख आलं.